तीन सूर, पुन्हा पुन्हा

माझी आत्या डोंबिवलीत राहते आणि तबल्याला लेहरा धरते. ज्यांनी स्वतंत्र तबलावादन ऐकलंय त्यांना हे काम ठाऊक असेल. पेटीवर किंवा सारंगीवर एका आवर्तनाची छोटीशी धून, बहुतेक वेळा सोळा मात्रांची, आणि तीच अर्धा-पाऊण तास, तबलजी थांबेपर्यंत. मी ठाण्यात एका रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवतो. माझंही काम बऱ्याचदा तेच असतं : चार-आठ सुरांचा एक तुकडा, ज्याला आम्ही रिफ म्हणतो, तो न थकता वाजवत राहायचं. दोघांचेही हात एकाच कामात मुरलेले, पण ह्या विषयावर आमचं कधी पटलं नाही. रविवारी डोंबिवलीला गेलो की जेवणं झाल्यावर हा वाद निघतोच. त्यातला मला महत्त्वाचा वाटतो तो भाग इथे मांडतो. आत्याची बाजू शक्य तितकी तिच्याच शब्दांत ठेवली आहे, कारण ती भक्कम आहे.

आत्या : तुमच्या गाण्यात पहिल्या दहा सेकंदांत जे कळतं तेच शेवटपर्यंत असतं. मग पुढची चार मिनिटं मी कशासाठी बसायचं?

मी : लेहऱ्यातही पहिल्याच आवर्तनात सगळं कळतं की.

आत्या : अरे, पण लेहरा ऐकायला कोण येतं? लोक तबला ऐकायला येतात. पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार, हे सगळं तो मांडतो. मी त्याला फक्त सांगत असते, तू आत्ता कितव्या मात्रेवर आहेस. मी एक सूर इकडचा तिकडे केला तर त्याचा सगळा हिशेब कोसळेल. लेहरा म्हणजे शिंप्याच्या गळ्यातली टेप. कापड तबलजीचं. तुम्ही टेपच शिवून अंगात घातलीत.

मी : एक वाजवून बघ. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. परत सा, कोमल ग, म. मग ग, सा. संपलं.

आत्याने पेटी पुढे ओढली आणि वाजवलं. डीप पर्पल ह्या रॉक बँडच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’चा तो रिफ, १९७२च्या ‘मशीन हेड’ ह्या रेकॉर्डवरचा. मोजून बारा सूर. जगात गिटार हातात घेणारं जवळजवळ प्रत्येक पोर आधी हेच वाजवतं. पेटीवर मात्र ते फारच किरकोळ वाटलं.

आत्या : दोन मध्यम लागोपाठ घेतलेत, तेवढं गमतीचं आहे. बाकी काय आहे ह्यात?

मी : सुरांत शोधशील तर नाही सापडणार. त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर तो एकेका तारेवर वाजवत नाही. प्रत्येक सुराबरोबर त्याच्या खालचा चौथा सूर घेतो, दोन तारा एकदम. अँप्लिफायरमधून तो आवाज फाटून जाड होऊन येतो. आधी एकटी गिटार. मग एकेक वाद्य येऊन मिळतं, आणि बास सगळ्यात शेवटी. बास आला की त्याच बारा सुरांना वजन येतं. तुकडा एका सुरानेही बदललेला नसतो.

आत्या : म्हणजे सुरांची भर पडली नाही, माणसांची पडली.

मी : तेच तर! पाडव्याच्या स्वागतयात्रेत फडके रोडवर तू काय ऐकतेस? पन्नास ढोल एकच हात वाजवतात. टिपरू आणि थाप, टिपरू आणि थाप. पथकात आणखी दहा ढोल आले म्हणून त्यात नवीन काही येत नाही. तरी अंगावर काटा येतो.

आत्या : येतो. पण पुढे ताशा असतो. तर्री ताशावाला काढतो, बदल तो सांगतो. ढोल त्याच्यामागे. माझं म्हणणं तू मलाच परत सांगतोयस. खाली काहीतरी स्थिर हवं, मान्य. पण वर कोणीतरी चालणारं हवं. आपल्या सागाव-मानपाड्याकडची आगरी लग्नं आठव. धवलारीण रात्र-रात्र धवले गाते. चाल एकच. पण विधी पुढे सरकत असतात, आणि तिच्या शब्दांत ते सगळं येत असतं. चाल थांबून राहते म्हणून गोष्ट चालू शकते. तुमच्याकडे गोष्ट कुठाय?

मी : ह्याच गाण्यात आहे. डिसेंबर १९७१मध्ये डीप पर्पल रेकॉर्डिंगसाठी स्वित्झर्लंडला माँत्रोमध्ये होते. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि सगळी इमारत जळाली. धूर तळ्यावर पसरला. गाण्याच्या कडव्यांत हीच हकीकत आहे. आणि गंमत बघ, कडवं चालू असताना तो रिफ वाजतच नाही. कडवं संपलं की परत येतो.

आत्या : म्हणजे पोवाड्यासारखं. शाहीर चौक म्हणतो आणि मधे झीलकरी जी जी करतात.

मी : हो. आणि झीलकरी जी जी करतात तेव्हा शाहीर नुसता दम खात नसतो. पुढची ओळ जमवत असतो, समोरची माणसं जोखत असतो.

इथे जॅझचा विषय निघणं भागच होतं, कारण रिफचा हा उपयोग तिथे फार आधीपासून आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत काउंट बेसीचा बँड रात्र-रात्र वाजवायचा, आणि बरंचसं वादन कागदावर लिहिलेलं नसायचं. एकजण उभा राहून सोलो घ्यायचा. मागच्या सॅक्सोफोनच्या रांगेतून कोणीतरी दोन-चार सुरांचा एक तुकडा काढायचा, शेजारचे तो उचलायचे, मग ट्रंपेट-ट्रॉम्बोनवाले त्याला जबाब देणारा दुसरा तुकडा बसवायचे. १९३७मधलं त्यांचं ‘वन ओ’क्लॉक जंप’ असंच जुळत गेलेलं आहे. सोलो होत राहतात आणि अखेरीस सगळा बँड फक्त रिफवर रिफ रचत जातो. झीलकऱ्यांनीच शाहिराची जागा घ्यावी तसा तो शेवट आहे. आत्याला तो ऐकवला तेव्हा तिचा पाय हलत होता, पण बोलली ती वेगळंच.

आत्या : हे मला नवं नाही. चितळकरांच्या ‘अलबेला’वरच आम्ही वाढलो.

मी : सी. रामचंद्रांनी, म्हणजे तुझ्या चितळकरांनी, ते घेतलं तिथूनच. गोव्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्यांच्याबरोबर होते. ट्रंपेट वाजवायचे, मुंबईत स्वतःचा बँड होता. ‘अलबेला’ १९५१चा. त्यात ते पडद्यावरही दिसतात.

आत्या : पण चितळकर पुणतांब्याचे, चालीचा माणूस. पितळी वाद्यांचा तुकडा दोनदा वाजतो, जागा करून देतो आणि बाजूला होतो. बाजूला कधी व्हायचं हे कळणं मोठी गोष्ट आहे.

मी : आणि बाजूला न होता एखादा काही करून दाखवत असेल तर?

इथून पुढचं बोलणं मला सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं. मी तिला जॅझची दोन रेकॉर्डिंग्ज ऐकवली. पहिलं माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’, १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं. त्यात पॉल चेंबर्सचा बास एक वाक्य विचारतो आणि बाकीची वाद्यं दोन आघातांत उत्तर देतात. परत तेच वाक्य, तेच उत्तर.

आत्या : काफीचे सूर आहेत. सवाल-जबाब छान आहे. थांब, थांब. हे काय केलं?

मी : काय झालं?

आत्या : सा हलवला. अर्धा सूर वर नेला सगळा डोलारा. वाक्य तेच, पण बसायची जागाच बदलली. आणि हा बघ, परत खाली आले.

मी : आठ-आठ मापांचे चार भाग. पहिले दोन एका षड्जावर, तिसरा अर्ध्या सुराने वर, चौथा परत मूळ जागी. सोलोही ह्याच रचनेवर घेतात.

आत्या : वाक्य इतक्या वेळा ऐकवलं नसतं तर हललेलं कळलंच नसतं.

मग मी जॉन कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ लावलं. न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत डिसेंबर १९६४मध्ये मुद्रित झालेलं. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच जिमी गॅरिसनचा बास चार सूर वाजवतो आणि ते घोळवत राहतो. आत्याने ऐकता ऐकता पेटीवर बोट ठेवलं. सा, कोमल ग, सा, म.

आत्या : अरे, हे तर मघाचेच सूर! तुझ्या त्या धुराच्या गाण्यातले. सा, कोमल गंधार, मध्यम.

मी : आणि तुझ्या चंद्रकंसच्या लेहऱ्यातले.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने तिचा लेहरा वाजवायला घेतला. चंद्रकंसात पुढे कोमल धैवत आणि शुद्ध निषाद येतात, त्यामुळे रंग पार निराळा. पण खालचं अंग तेच : सा, कोमल गंधार, शुद्ध मध्यम. तीन माणसांनी तीन ठिकाणी हेच सूर घेऊन पुन्हा पुन्हा वाजवले आणि तीन वेगळ्या गोष्टी केल्या. रिफ ह्या प्रकाराबद्दल इतकं वाचलं-ऐकलं, पण ह्याहून जास्त सांगणारं मला दुसरं काही भेटलेलं नाही.

मी : आता पुढे ऐक. सॅक्सोफोनवर त्याचं मोठं वादन होतं, आणि शेवटाकडे तो त्या चार सुरांवर परत येतो. तोच आकार, पण प्रत्येक वेळी वेगळ्या सुरावरून. बाराही सुरांना सा करून.

आत्या : मूर्च्छनेत आपण षड्ज हलवतो, पण सूर तेच ठेवतो, म्हणून राग बदललेला दिसतो. हा उलट करतोय. तुकडा घट्ट धरलाय आणि जमीन सोडलीय. तानपुरा चालू असता तर हे जमलंच नसतं.

मी : आणि हरवतो का?

आत्या : नाही. हातात तो तुकडा आहे ना. इतका वेळ कानावर घातला म्हणूनच त्याला इतक्या लांब जाता आलं. हे मी मानलं. ह्याला मी तेच ते म्हणणार नाही.

मी स्वतःसाठी त्याची मांडणी अशी करतो. आपल्या मैफलीत षड्ज हलत नाही, म्हणून आलापाला कुठेही फिरायची मोकळीक असते. कोल्ट्रेनकडे तुकडा हलत नाही, म्हणून षड्जाला फिरायची मोकळीक मिळते. रॉकमध्ये बऱ्याचदा दोन्ही जागच्या जागी असतात, आणि बदलतं ते वजन, आवाजाचा पोत, वाजवणाऱ्यांचा एकमेकांवरचा दाब. ह्या तिसऱ्या प्रकाराला मी पहिल्या दोघांइतकाच मान देतो. आत्या देत नाही. तिला ते पटवण्यासाठी मला लेड झेपेलिन ह्या रॉक बँडकडे जावं लागलं.

मी : हाताने चार मात्रांचा ठेका धर. मी वर तीन-तीन मात्रांचा तुकडा वाजवतो. ‘कश्मीर’ नावाचं गाणं आहे, १९७५चं. जॉन बॉनमचे ड्रम्स सरळ चारात, गिटार तीनात. दोघंही हट्टी, कोणी कोणाचं ऐकत नाही.

आत्या : (टाळी धरत) एकवर आलास. आता चारवर. आता तीनवर. दोनवर. आणि परत एकवर. बारा मात्रा झाल्या.

मी : बघ, तुकडा तोच, ठेका तोच. पण प्रत्येक वेळी तुकडा वेगळ्या मात्रेवर पडला. कोणीही काही बदललं नाही आणि तरी सगळं हलतंय.

आत्या : तबलजी तिहाई जुळवतो तेव्हा हेच गणित करतो. मला आवडलं. पण तो तिहाईनं समेवर येतो आणि मोकळा होतो. हे लोक येतात आणि परत निघतात.

मी : वारकऱ्यांचा गजर समेवर येऊन संपतो का? कल्याणहून सकाळी निघणाऱ्या गाडीत भजनी मंडळाचा डबा असतो. बुवा ओळ टाकतात, टाळकरी ती उचलतात, तीच ओळ, लय थोडीथोडी चढत जाते. जलद गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा बोगद्यात तो आवाज दुप्पट व्हायचा. सूर बदलले नाहीत, शब्द बदलले नाहीत. त्याला तू तेच ते म्हणशील?

आत्या : ते नामस्मरण आहे. तिथं पुन्हा पुन्हा म्हणणं हेच साधन आहे.

मी : कोल्ट्रेननेही ती रेकॉर्ड देवाला अर्पण केली आहे. सॅक्सोफोन खाली ठेवून शेवटी ते चार सूर तोंडाने म्हटलेत.

आत्या : म्हणून तर त्याला मानलं. धुराच्या गाण्यात कोणाचं स्मरण आहे?

ह्याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते तिला पटणारं नाही. मला वाटतं पाच-पन्नास अनोळखी माणसांना एका अंगाने, एका श्वासाने हलायला लावणं हेही पुरेसं कारण आहे. आमच्यातला खरा मतभेद इथे आहे. बाकीचं सगळं त्याच्या आसपासचं.

मी : बरं, एक सांग. तू ज्यांना लेहरा धरतेस ती मुलं आता मोबाईलवरच्या लेहऱ्यावर रियाज करतात. तो चुकत नाही, दमत नाही, लय हवी तेवढी ठेवतो. मग विशारदच्या परीक्षेला तुला कशाला बोलावतात?

आत्या : कारण त्याला ऐकू येत नाही. पोर चक्रदारात भरकटलं की मला दोन मात्रा आधी कळतं. मी पंधराव्या-सोळाव्या मात्रेला भात्यावर जरा दाब देते, सम त्याला ठळक दिसते, ते सावरतं. खालीला, नवव्या मात्रेला, मी हलकी होते. रेल्यात एखादा उगाच धावायला लागला तर मी त्याच्यामागे पळत नाही, आणि त्याला मागेही खेचत नाही. धून तीच असते. पण एकही आवर्तन आधीच्यासारखं नसतं.

मी : म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवणं म्हणजे तेच ते नव्हे. हे मी गेले दोन तास सांगतोय. बास वाजवताना मी दुसरं काय करतो? ड्रमर कडव्याच्या शेवटी जरा मागे झुकला की मीही अर्ध्या केसाने मागे जातो. ऐकणाऱ्याला वेगळं काही वाजल्याचं कळत नाही, पण पायाखालचं बळ कळतं.

आत्या : मग गणपतीत आमच्या खिडकीखाली स्पीकरवर जे वाजतं ते काय? तिथं कोण कोणाचं ऐकतं?

मी : तिथं कोणीच नाही.

आत्या : भिंतीवरचं घड्याळ हलतं. आणि ह्याला संगीत म्हणायचं. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांना ह्या गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयात जावं लागलं. २०१६ला एवढा सविस्तर निकाल आला, तरी दर वर्षी तेच. माझा राग पुन्हा वाजवण्यावर नाही, हे तुझं आता मला मान्य आहे. पण आवाज काढून घेतला तर खाली काय उरतं, हे मी प्रत्येक वेळी विचारणार. कोल्ट्रेनचे चार सूर पेटीवर वाजवले तरी उभे राहिले. ते बारा नाही राहिले.

मी : ढोलाचा हात पेटीवर वाजव, बघू उभा राहतो का. सारंगीचा लेहरा पेटीवर आला तेव्हा जुन्या लोकांना तोही किरकोळच वाटला असेल.

आत्या : वाटला असेल. (थोडं थांबून) बरं, तुमची ही गाणी संपतात कशी? मघापासून बघतेय, प्रत्येक वेळी शेवटाला आवाज हळूहळू लहान होत जातो.

तिने बरोबर पकडलं होतं. ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘कश्मीर’, ‘सो व्हॉट’, तिन्ही रेकॉर्डवर विरत जातात. वाजवणारे थांबलेले ऐकूच येत नाहीत. मुद्रणाच्या खोलीत कोणीतरी आवाजाची कळ खाली ओढत नेतो.

आत्या : हा शेवट नव्हे. समेवर न येताच उठून जाणं झालं.

मी : कारण रिफला स्वतःचा शेवट नसतोच. मंचावर वाजवताना ड्रमरकडे बघून आम्ही थांबतो. पण तो शेवट आम्ही आणलेला असतो, रिफचा नव्हे.

आत्या : हं. लेहऱ्यालाही नसतो. तबलजीने शेवटची धा वाजवली की मी हात उचलते. तो थांबला नाही तर मी कशाला थांबेन?

मी : मग एकदा मला बासवर लेहरा धरू दे. तुझ्या विशारदच्या मुलांपैकी कोणाच्याही मागे.

आत्या : बासवर? नाही जमणार. तुझे सूर डग्ग्याच्याच पट्टीत येतात. त्याची घुमक तुझ्याखाली दबून जाईल, मींड ऐकू येणार नाही. आणि तार छेडली की आवाज मरत जातो, पेटीसारखा धरून ठेवता येत नाही.

मी : वरच्या तारांवर, वरच्या सप्तकात वाजवीन. सूरही जरा लांबवता येतात.

आत्या : मग बास कशाला, साधी गिटारच आण. चंद्रकंस, मध्य लय, तीनताल. रविवारी रियाजाला दोघंजण येतात. आणि मधेच काही सुचलं तरी वाजवायचं नाही.